फरशीला गवती चहा, समईला आंबुशी: गॅलरीतल्या कुंड्यांतून घराची सफाई

घरच्या घरी क्लीनर बनवायचा उत्साह आला की माणूस आधी छान छान स्प्रेच्या बाटल्या आणतो आणि मग नर्सरीतून लॅव्हेंडर नि रोझमेरी. जुलै संपेपर्यंत दोन्ही रोपं काळी पडून मेलेली असतात. त्यात आणणाऱ्याचा काही दोष नसतो. ही भूमध्य समुद्राकाठची झाडं, त्यांना कोरडी हवा आणि झरझर निचरा होणारी माती लागते. आपल्याकडे ठाण्यात पावसाळ्यात दोरीवरचा टॉवेल तीन दिवस वाळत नाही, तिथे ती बिचारी काय तग धरणार? तेव्हा ती यादी बाजूला ठेवा. इथल्या हवेत आपसूक फोफावणारी चार-पाच झाडं आहेत. त्यांच्यावर भागतं, आणि उत्तम भागतं.

दुसरी गोष्टही आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नाराज व्हायला नको. नुसती पानं मळ काढत नाहीत. मळ काढतो फेस, आंबटपणा किंवा खरखरीतपणा. फेस रिठ्याचा, आंबटपणा व्हिनेगरचा किंवा लिंबाचा, खरखर सोड्याची नाहीतर राखेची. गवती चहा, पानओवा, पुदिना यांच्याकडून मिळतो तो मुख्यतः वास. त्यांच्या तेलांना जंतू रोखण्याचा थोडा गुण असतो हे खरं, पण शंभर ग्रॅम गवती चहाच्या पातीत अर्धा ग्रॅम तेलही मुश्किलीने असतं. म्हणून एका कुंडीवर वर्षभराचं फिनाईल सोडून द्याल असं कुणी सांगत असेल तर हसून पुढे जा. निम्मं सामान कुंडीतून आणि निम्मं वाण्याकडून, हा हिशेब धरून चाला.

आधी गॅलरी ओळखा

रोप आणण्याआधी आठवडाभर नुसतं बघा, ऊन कुठे किती वेळ पडतं. दक्षिणेच्या गॅलरीत डिसेंबर-जानेवारीत ऊन पार आत हॉलपर्यंत येतं आणि मे महिन्यात गायब होतं, कारण मेच्या मध्यावर सूर्य बरोब्बर आपल्या डोक्यावर असतो आणि नंतर जुलैअखेरपर्यंत थोडा उत्तरेला. उत्तरेच्या गॅलरीवाल्यांना त्या दिवसांत बोनस मिळतो. चार-पाच तास थेट ऊन मिळत असेल तर गवती चहा आणि सब्जा लावा. दोन-तीन तासच मिळत असेल तर पुदिना आणि पानओवा. अजिबातच नसेल, समोरच्या बिल्डिंगने सगळं खाल्लं असेल, तर झाडांच्या भानगडीत न पडता भाजीवालीकडून पात घ्या आणि सरळ पुढच्या कृतींकडे वळा.

ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये वरच्या मजल्यांवर उन्हापेक्षा वारा जास्त छळतो. माती दुपारपर्यंत कोरडी ठक्क. नवी मुंबईत पाम बीच रोडच्या बाजूला खाडीवरचा वारा हाच त्रास देतो. अशा ठिकाणी कुंड्या भिंतीला लागून, एकमेकींना खेटून ठेवा. आणि ग्रिलमध्ये कुंडी ठेवणार असाल तर लक्षात घ्या, ओल्या मातीने भरलेली बारा इंची कुंडी सहज पंधरा-वीस किलोंची होते. ती आतल्या बाजूला, तारेने बांधूनच. खालच्या मजल्यावर पाणी गळलं की सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं नाव झळकतंच, तेव्हा खाली थाळी हवी. पण पावसाळ्यात मात्र थाळ्या काढून टाका किंवा दर चार दिवसांनी पालथ्या करा. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो.

माती साधी ठेवा. दोन भाग लाल माती, एक भाग गांडूळखत किंवा जुनं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट. जूनमध्ये कुंड्या भरत असाल तर कोकोपीट निम्मं करा आणि त्या जागी जाड वाळू घाला, कारण कोकोपीट पाणी धरून बसतं आणि आपल्याला चार महिने वरून पाणी मिळणारच आहे.

काय लावायचं

गवती चहापासून सुरुवात करा. नर्सरीत रोप मिळतं, पण ठाण्यात जांभळी नाक्यावर किंवा कुठल्याही भाजी बाजारात पुदिना-आल्याबरोबर चहाची पात विकणाऱ्या बाईला आदल्या दिवशी सांगून ठेवलं की ती मुळासकट ठोंब आणून देते. असे दोन-तीन फुटवे बारा इंची कुंडीत लावा. जूनचा पहिला पाऊस झाला की लावणं सर्वांत सोपं. तीन-चार महिन्यांत चांगला झुडुपा होतो. पात कापताना बुंध्यापासून चार बोटं वर, कात्रीने. हाताने ओढलीत तर तिची धार बोट कापते, आणि ती जखम नंतर दोन दिवस लिंबू पिळताना आठवत राहते. वर्षाने कुंडी मुळांनी गच्च भरते. तेव्हा ठोंब उपटून चार भाग करा, एक ठेवा, तीन शेजाऱ्यांना द्या.

पानओव्याला काही कष्ट लागत नाहीत. कुणाकडून तरी चार इंचाची काडी मागून आणा, खालची पानं काढा, मातीत खोचा. दोन आठवड्यांत मूळ धरतो. फार पाणी घातलंत तरच मरतो. त्या जाड, मऊ लव असलेल्या पानाचा उग्र वास थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल या द्रव्यांचा, म्हणजे ओव्याच्याच घराण्यातला. सफाईच्या कामाला मला हा सगळ्यांत खणखणीत वाटतो. मोरीचा कुबट वास मारायला गवती चहापेक्षा हा बरा.

पुदिन्यासाठी बाजारातल्या जुडीतल्या जाड काड्या निवडून ग्लासभर पाण्यात ठेवा. आठवडा-दहा दिवसांत पांढरी मुळं दिसतात. मग उथळ, पसरट टबात लावा. खोल कुंडीची गरज नाही, त्याची मुळं आडवी पळतात. त्याला वेगळा टब द्या, नाहीतर शेजारच्या कुंडीत घुसतो.

आता तुळस. क्लीनरच्या इंग्रजी पाककृती वाचून पुष्कळजण तुळशीची पानं खुडायला निघतात आणि घरातून आवाज येतो, "अगं, तुळस काय फरशीला घालतेस?" हा वाद घालण्यात अर्थ नाही, आणि मला तर सासूबाईंचं म्हणणं पटतं. दारातली तुळस दारात राहू दे. तिच्याऐवजी सब्जा पेरा. फालुद्यात घालतो तेच बी, वाण्याकडचं. चिमूटभर मातीवर भुरभुरवून वर पातळ थर माती द्या, आठवड्याभरात उगवतं. वास तुळशीच्या जवळचा, थोडा गोडसर. तुरे आले की खुडत राहा म्हणजे पानं येत राहतात.

आणि शेवटी एक फुकटचं झाड, जे तुम्ही आजवर तण म्हणून उपटून फेकत आलात. ओलसर कुंड्यांमध्ये जमिनीलगत पसरणारी, तीन हृदयाच्या आकाराची पानं, बारकी पिवळी फुलं. ही आंबुशी. चावून पाहिलीत तर आंबट लागते, ती त्यातल्या ऑक्झॅलिक आम्लामुळे. ती पुढच्या कामासाठी एका कुंडीत राखून ठेवा.

कडुनिंब कुंडीत लावू नका, तो वृक्ष आहे. सोसायटीत किंवा रस्त्यावर असतोच, त्याची ताजी गळलेली पानं वेचा. फांद्या तोडू नका. १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार शहरातल्या झाडाला हात लावायला पालिकेची परवानगी लागते. रविवारी येऊरला फिरायला जाऊन पिशवीभर पाला आणायचा मोहही आवरा. तो डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे.

वाण्याकडून काय आणायचं

रिठे, पांढरं व्हिनेगर, खायचा सोडा, गूळ. रिठे काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात. घेताना साल चिकट, तपकिरी आणि आतली बी खुळखुळणारी बघून घ्या. पार काळे, कडक झालेले जुने रिठे फेस देत नाहीत.

पहिली कृती: रिठ्याचं पाणी

रोजच्या लादीसाठी हेच. पंधरा-वीस रिठे फोडून बिया काढा, साली लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी वीस मिनिटं मंद आचेवर उकळा, पातेलं मोठं घ्या, कारण फेस वर येऊन गॅसवर सांडतो. शेवटच्या पाच मिनिटांत मूठभर चिरलेली गवती चहाची पात आणि पाच-सहा पानओव्याची पानं घालून झाकण ठेवा. आधीपासून उकळलीत तर वास वाफेबरोबर उडून जातो आणि स्वयंपाकघर तेवढं सुगंधी होतं. कोमट झाल्यावर साली हाताने कुस्करून फडक्यातून गाळा. हात डोळ्याला लागू देऊ नका, झणझणतं.

अर्ध्या बादलीत एक कप पुरे. बोअरवेल किंवा टँकरचं जड पाणी येणाऱ्यांनी हे जरूर करावं: साबण जड पाण्यात पांढरा साका सोडतो, रिठ्यातलं फेस देणारं सॅपोनिन तसं करत नाही. पांढऱ्या मार्बलवर किंवा फरशांच्या फिकट सांध्यांवर मात्र तपकिरी पाणी साचू देऊ नका, पुसून साध्या पाण्याचा एक हात मारा.

अडचण येते ती वेगळीच. लादी पुसणाऱ्या मावशी बादलीत हात घालून म्हणतील, "ताई, फेसच येत नाय हो याला. आणि वासपण नाय फिनाईलचा." त्यांचं बरोबर असतं. त्यांना दोन दिवस वापरायला सांगा, आणि त्यांच्या हातांची आग कमी होते का तेही विचारा.

हे पाणी टिकत नाही. बाहेर ठेवलंत तर आपल्या उकाड्यात दोन दिवसांत आंबतं. फ्रिजमध्ये आठवडाभर. जास्त करून ठेवायचंच असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, पण त्या ट्रेवर ठसठशीत लिहा, नाहीतर पाहुण्यांच्या सरबतात जायचं. चांदीचे पैंजण, वाळे, लोकरीची शाल यांनाही हेच पाणी चालतं. तेलकट कढईला मात्र नाही. तिथे रिठा हरतो, उगाच अट्टहास नको.

दुसरी कृती: पातीचं व्हिनेगर

गवती चहा धुऊन सावलीत चार-पाच तास पसरून ठेवा, अंगचं पाणी सुकलं पाहिजे. इंचभर तुकडे करून काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत भरा, वर पांढरं व्हिनेगर ओता, पात पूर्ण बुडली पाहिजे. जी वर तरंगते तिला बुरशी धरते. झाकण पत्र्याचं असेल तर खाली प्लास्टिकचा तुकडा घाला, आम्लाने पत्रा गंजतो. दोन आठवडे अंधाऱ्या कपाटात, मधूनमधून हलवत. व्हिनेगरला फिकट पोपटी रंग येतो आणि तो नाक चुरचुरवणारा वास थोडा सौम्य होतो. गाळून ठेवलंत तर काही महिने टिकतं. लिंबाच्या किंवा मोसंबीच्या साली, पुदिना, सब्जा यांचंही असंच करता येतं.

वापरताना निम्मं पाणी मिसळा. खिडकीच्या काचा, आरसे, फ्रिजचा आतला भाग, बेसिन. पण याचं खरं कसब नळावरच्या पांढऱ्या थरात दिसतं. तो थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि आम्लात तो विरघळतो. जुनं फडकं पाणी न मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये बुडवून नळाच्या तोंडाला गुंडाळा, वर रबर लावा, अर्ध्या तासाने काढून जुन्या दातांच्या ब्रशने घासा. शॉवरची बंद झालेली भोकं याने उघडतात. रात्रभर ठेवू नका, मुलामा खराब होतो.

आता हा परिच्छेद दोनदा वाचा. व्हिनेगर, लिंबू, कुठलंही आंबट पाणी मार्बल, कडप्पा, कोटा आणि शहाबादी फरशीवर लावायचं नाही. हे सगळे चुन्याचे दगड. आम्ल त्यांना खातं, चकाकी जाते आणि परत येत नाही. वाशी-नेरूळच्या जुन्या सिडको घरांत आणि ठाण्यातल्या जुन्या चाळींत-इमारतींत ओटा, मोरी, कपाटाचे कप्पे बहुतेक कडप्प्याचेच असतात. मोझॅक लादीतही मार्बलचे तुकडे असतात, म्हणजे तीही बाद. ओटा ग्रॅनाइट आहे की कडप्पा कळत नसेल तर गॅसच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका. बारीक बुडबुडे आले किंवा पुसल्यावर डाग फिका पडला तर तो चुन्याचा दगड. तिथे रिठाच वापरा. ॲल्युमिनियमची भांडी, लोखंडी तवा आणि टीव्हीचा पडदा यांनाही व्हिनेगर नको.

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून बाटलीत भरण्याची एक लाट मध्यंतरी आली होती. फसफसतं ते बघायला मजा येते, पण दोघं एकमेकांचा गुण मारतात आणि उरतं ते जवळजवळ खारट पाणी. वर बंद बाटली फुटायची भीती. सोडा वेगळा, ओल्या फडक्यावर घेऊन सिंक घासायला वापरा.

आंबुशी आणि पितळ

गणपतीच्या आधी समया, तांब्या, घंगाळं काढली की घरोघर चिंच आणि पितांबरी निघते. पितांबरी तर ठाण्याचीच कंपनी, तिच्याशी माझं भांडण नाही. पण एकदा आंबुशी करून बघा. पावसाळ्यात ती भरपूर असते, आणि गणपतीही तेव्हाच येतात. मूठभर पाला मुळं काढून धुवा, चिमूटभर जाड मीठ घालून हातानेच चुरा आणि तो लगदा काळवंडलेल्या तांब्यावर फिरवा. हिरवा लगदा बघता बघता काळपट होतो आणि त्याच्या वाटेमागे तांब्याचा गुलाबी रंग उघडा पडत जातो. नक्षीच्या खाचांत देठांचा बोळा घालून घासा. लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि कोरड्या फडक्याने पुसा. ओलं ठेवलंत तर तासाभरात हिरवट डाग येतात. लाखेचा मुलामा दिलेल्या शोभेच्या वस्तूंना हे करू नका. आंबुशी कमी पडली तर चिंच, कोकमाची आगळ किंवा पिळून झालेली लिंबाची फोड हेच काम करते.

तीन महिन्यांची बरणी

बायो एन्झाइमबद्दल थोडक्यात. १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम लिंबू-मोसंबी-संत्र्याच्या साली, १ लिटर पाणी. हवं तर मूठभर गवती चहा. प्लास्टिकच्या बाटलीत, वर चांगली मोकळी जागा ठेवून. पहिला महिना रोज झाकण सैल करून गॅस सोडा, काचेची बरणी अजिबात नको. तीन महिन्यांनी गाळा, आंबूस वासाचं तपकिरी पाणी मिळतं. हेही आम्लच, तेव्हा कडप्प्याचा नियम इथेही. संडास-बाथरूमच्या सिरॅमिक टाइल्सना चांगलं. पण महिनाभर रोज झाकण उघडायची आणि तीन महिने थांबायची चिकाटी नसेल तर पातीच्या व्हिनेगरवर थांबा, फार काही गमावत नाही.

कपाटांसाठी वाळवलेला कडुनिंबाचा पाला, वेखंडाचा तुकडा आणि वाळलेली गवती चहाची पात मलमलच्या पुरचुंडीत बांधून ठेवा. पाला ऑक्टोबरच्या उन्हात वाळवा, जुलैत वाळवायला जाल तर बुरशीच बांधून ठेवाल. आणि भिंतीलाच ओल असेल तर पुरचुंडी काय करणार? प्लंबरला बोलवा.

जपायचं ते

ब्लीच आणि व्हिनेगर कधीच एकत्र करू नका, एकामागोमाग एक त्याच जागेवरही नको. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. बाजारातलं टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच यांचंही तेच.

घरात कुणाला उलट्या-जुलाब असतील तर गवती चहा-रिठा काही दिवस बाजूला ठेवून साबण आणि पातळ केलेलं ब्लीच वापरा. यातली कुठलीही कृती जंतुनाशक म्हणून पुरत नाही.

कुठलंही मिश्रण पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरू नका. रिठ्याचं पाणी चहासारखं दिसतं आणि लहान मुलं तोंडाला लावतात. बाटलीवर नाव आणि तारीख हवीच. घरात मांजर असेल तर बाजारातली सुगंधी तेलं फरशीच्या पाण्यात घालू नका, पंजे चाटताना ती तिच्या पोटात जातात आणि मांजरांना ती झेपत नाहीत. माशांच्या टाकीजवळही रिठा नको, माशांना तो विषारी असतो.

उरलेलं व्हिनेगर कुंडीत ओतू नका. उरलेलं रिठ्याचं पाणी मात्र दसपट पाणी घालून जास्वंदीवर फवारा. पांढऱ्या पिठ्या ढेकणांचं मेणाचं आवरण त्याने सुटतं. फवारणी उन्हं उतरल्यावर करा, पानांच्या खालच्या बाजूला विसरू नका आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या पाण्याने पानं धुऊन टाका. आठवड्याने पुन्हा एकदा करावं लागतं.